सावित्रीचा गाळ आणि प्रवाळातला केंड

आंबेनळी घाटात पडलेलं पाणी पोलादपूरकडे उतरतं, सावित्रीत मिसळतं, महाड ओलांडतं आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्र गाठतं. जुलै २०२१मध्ये घाटात दरडी कोसळल्या. त्या दिवसांत वर महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. तेव्हा किती लाल माती खाली गेली असेल, ते महाडच्या घराघरांत साचलेल्या चिखलाने दाखवलं. प्रवाळातल्या छोट्या केंड माशाचा मागोवा घ्यायला मी इथून निघतो, कारण तो रायगडच्या किनाऱ्याला का राहत नाही याचं उत्तर याच पाण्यात आहे. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वसतं, त्याला ऊन लागतं. दर पावसाळ्यात गोडं, गढूळ पाणी ओतणाऱ्या खाडीच्या तोंडाशी प्रवाळाची भिंत उभी राहू शकत नाही, आणि भिंत नाही तिथे तिच्या आसऱ्याने जगणारा मासाही नाही.

कोकणातल्या मच्छीमारांना केंड माहीत आहे तो वेगळा: उघड्या समुद्रात थव्याने फिरणारा, जाळी कुरतडून नुकसान करणारा. प्रवाळातला छोटा केंड म्हणजे कँथिगॅस्टर. विल्यम स्वेन्सनने १८३९मध्ये हा गट वेगळा काढला. बहुतेक जाती वीतभरसुद्धा नसतात. तोंड पुढे टोकदार निघालेलं, अंग दोन्ही बाजूंनी दबलेलं, पाठीवरचा पर छोटा आणि पार मागे.

केंड न ओळखण्याची किंमत मोठी असते. सप्टेंबर १७७४मध्ये न्यू कॅलेडोनियात कॅप्टन कुकच्या जहाजावर असाच एक अनोळखी मासा आला. निसर्गशास्त्रज्ञ फॉर्स्टर पितापुत्र त्याचं वर्णन नि चित्र करत बसले, उशीर झाला, म्हणून रात्री फक्त काळीज आणि गाबोळी शिजवली गेली. नेमके तेच भाग सर्वांत विषारी. कुक आणि फॉर्स्टर पितापुत्रांनी नुसती चव घेतली होती, तरी त्यांचे हातपाय बधिर झाले. आतडी खाल्लेलं डुक्कर मेलं. या विषाला टेट्रोडोटॉक्सिन हे नाव योशिझुमी ताहारांनी १९०९मध्ये दिलं, रचना १९६४मध्ये उलगडली, आणि १९८०च्या दशकात कळलं की ते जिवाणूंपासून येतं. नियंत्रित खाद्यावर वाढवलेल्या केंडांत ते जवळजवळ नसतं. माशाचं विषसुद्धा तो कुठे राहतो, काय खातो यावर ठरतं, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

जातींची ओळख मात्र दीर्घकाळ बाटल्यांत अडकून पडली. मद्यार्कात ठेवलेल्या माशाचे निळे ठिपके, नारिंगी रेघा विरून जातात. मग दूरदूरच्या समुद्रांतले मासे एकाच नावाखाली जमा होत गेले. १९७७मध्ये जेराल्ड ॲलन आणि जॉन रँडल यांनी हा गट नव्याने तपासला. रँडल ताज्या माशाचे पर ताणून, रंग उडायच्या आत फोटो घेत. त्या सवयीचं ऋण आजच्या प्रत्येक ओळख-पुस्तकावर आहे. तरीही कँथिगॅस्टर कोरोनाटा ही एकच जात मानली जात राहिली. २००८मध्ये रँडल आणि सहकाऱ्यांनी तिच्या तीन केल्या: एक हवाईची, एक पश्चिम प्रशांत महासागरातली, एक आपल्या बाजूच्या हिंदी महासागराची आणि लाल समुद्राची. फोटोखाली ‘कुठे’ लिहिलेलं नसेल तर अशा वेळी नाव सांगणं धाडसाचंच.

काळ्या पट्ट्यांचा कँथिगॅस्टर व्हॅलेंटिनी तर आणखी अवघड. विषारी म्हणून शिकारी मासे त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि पॅराल्युटेरिस प्रायोन्युरस हा बिनविषारी मासा हुबेहूब त्याचाच वेष घेऊन त्याच प्रवाळात फिरतो. पर पाहावा: नकली माशाच्या पाठीवरचा पर लांबलचक पसरलेला असतो, खऱ्याचा आखूड.

कधी मासा सापडण्याआधी त्याचं घर सापडतं. जपानच्या अमामी ओशिमाजवळ १९९५च्या सुमारास पाणबुड्यांना समुद्रतळाच्या वाळूत सुमारे दोन मीटर व्यासाची नक्षीदार वर्तुळं दिसली. ती मादीसाठी छोटा नर केंड बनवतो हे पुढे समजलं, आणि त्या जातीला टॉर्क्विजेनर अल्बोमॅक्युलोसस हे नाव मिळायला २०१४ उजाडलं.

आपल्या किनाऱ्यावर प्रवाळाचा शोध उशिरा सुरू झाला. एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वाफर यांनी १९७९मध्ये पश्चिम किनाऱ्यावर जिवंत प्रवाळाच्या जागा नोंदवल्या, त्यांत मालवण होतं. १९८७मध्ये तिथे सागरी अभयारण्य झालं. पण खरी आशा आंग्रिया बँकेवर आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरहून अधिक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे बुडालेलं पठार सावित्रीसारख्या नद्यांच्या गाळाच्या पोचेपलीकडे आहे, म्हणून तिथलं पाणी स्वच्छ नि प्रवाळ जिवंत. तिथे उतरणाऱ्या पाणबुड्याने टोकदार तोंडाचा एखादा छोटा केंड टिपला, तर फोटोसोबत खोली, तळ वाळूचा की प्रवाळाचा, मासा एकटा की जोडीने, हेही लिहून आणावं.