बोलण्याला कुलूप

२५ जुलै १९४३ रोजी इटलीत मुसोलिनीची सत्ता कोसळली. चार दिवसांनी, २९ जुलैला, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल आणि अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट इटलीशी करायच्या युद्धबंदीविषयी अटलांटिकपलीकडे एकमेकांशी दूरध्वनीवर बोलले. बोलणे रेडिओ लहरींवरून जात होते. पण ते ‘ए-३’ नावाच्या यंत्रातून विस्कटून पाठवले जाई. साध्या रेडिओवर ऐकणाऱ्याला निव्वळ गोंगाट ऐकू आला असता. तरीही हे संभाषण जर्मन टपालखात्याच्या तंत्रज्ञांनी हॉलंडच्या किनाऱ्यावरील केंद्रात ऐकले आणि समजूनही घेतले. असे का घडले? आणि खरोखर सुरक्षित बोलणे कशाला म्हणायचे?

विस्कटणे म्हणजे लपवणे नव्हे

‘ए-३’ची रचना सोपी होती. आपल्या आवाजात कमी-अधिक कंप्रतेचे ध्वनी मिसळलेले असतात. हे यंत्र त्यांचे पाच पट्टे पाडी, त्यांच्या जागांची अदलाबदल करी आणि काही पट्टे उलटेही करी. गणिताने पाहिले तर पाच पट्टे १२० प्रकारे मांडता येतात. प्रत्येक पट्टा सुलटा किंवा उलटा ठेवायचा म्हटले, तर त्याला आणखी ३२ने गुणावे लागेल. म्हणजे एकूण ३८४० मांडण्या. पण त्यांतल्या बहुतेक मांडण्यांत मूळ शब्द थोडेफार ओळखू येत. म्हणून प्रत्यक्षात मोजक्याच मांडण्या ठरावीक क्रमाने वापरल्या जात.

येथे एक मुद्दा ध्यानात घ्यायला हवा. पट्ट्यांच्या जागा बदलल्या, पण आवाजातली माहिती जशीच्या तशी राहिली. चित्र फाडून त्याचे पाच तुकडे टेबलावर पसरावेत, तसाच हा प्रकार. चिकाटी असलेला माणूस ते जुळवतोच. आपल्या कानाला काही कळत नाही, म्हणून शत्रूच्या उपकरणांनाही कळणार नाही, हा भ्रम होता.

आवाजाचे आकडे

या दोषाची जाणीव असल्याने अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वेगळ्याच मार्गाने काम चालू होते. त्यातून तयार झालेल्या यंत्रणेचे नाव ‘सिगसॅली’. १५ जुलै १९४३ रोजी वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यामध्ये ती सुरू झाली.

तिचा पाया होता होमर डडली यांचा ‘व्होकोडर’. डडलींची कल्पना अशी की, आवाजाची लहर जशीच्या तशी पाठवण्याची गरज नाही. ती कशी घडते याचे वर्णन पाठवले तरी पुरे. बोलताना तोंडाचा व जिभेचा आकार तुलनेने सावकाश बदलतो. म्हणून आवाजाचे दहा पट्टे पाडून प्रत्येकात किती जोर आहे, हे सेकंदाला ५० वेळा मोजायचे आणि तो जोर ० ते ५ अशा सहा पायऱ्यांपैकी एका पायरीत बसवायचा. स्वराची उंची अधिक बारकाईने मोजावी लागते. तिच्यासाठी ३६ पायऱ्या, म्हणजे असे दोन आकडे. एकूण झाले १२. म्हणजे दर सेकंदाला ६०० आकडे. पलीकडचे यंत्र या आकड्यांवरून आवाज पुन्हा घडवी. तो काहीसा यांत्रिक वाटे, पण बोलणे समजत असे.

एकदा आवाजाचे आकडे झाले, की त्यांना गणिताचे कुलूप लावता येते.

फाशाने करावयाचा प्रयोग

हे कुलूप वर्गात सहज करून दाखवता येईल. समजा आवाजाचे आकडे आहेत २, ४, ५, ०, ३. आता पाच वेळा फासा टाका. ६ पडल्यास ० धरा. समजा ५, १, ४, ३, ३ असे दान पडले. ही झाली आपली किल्ली. तिची एक प्रत आधीच ‘पलीकडच्या’ विद्यार्थ्याला द्या. आता दोन्ही रांगांची बेरीज करा. बेरीज ६ किंवा अधिक आली तर त्यातून ६ वजा करा. उत्तर येते १, ५, ३, ३, ०. हेच पाठवायचे. पलीकडचा विद्यार्थी त्यातून किल्ली वजा करील आणि उत्तर ऋण आल्यास ६ मिळवील. त्याला मिळेल २, ४, ५, ०, ३.

मधल्यामध्ये ऐकणाऱ्याला काय कळते? पहिला आकडा १ आहे. मूळ आकडा ० असेल आणि किल्ली १, किंवा मूळ १ असेल आणि किल्ली ०, किंवा मूळ २ आणि किल्ली ५. सहाही शक्यता सारख्याच. कितीही वेगवान संगणक आणला तरी त्यातून निवड करता येणार नाही, कारण निवड करण्याजोगी माहितीच तेथे नाही. क्लॉड शॅनन यांनी याची गणिती सिद्धता दिली. ती १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली.

मात्र अट कडक आहे: किल्ली पूर्णपणे यादृच्छिक हवी, संदेशाइतकी लांब हवी आणि एकदाच वापरायला हवी. समजा तीच किल्ली ४ दोनदा वापरली. २ चा होईल ० आणि ५ चा होईल ३. शत्रूने या दोघांची वजाबाकी केली, तर ३ येतात. मूळ आकड्यांमधला फरकही ३ च आहे. किल्ली बाजूला पडली आणि संदेशांचा माग लागला.

कुलपाची किंमत

सिगसॅलीसाठी किल्ली मिळवली ती पाऱ्याच्या वाफेच्या नळ्यांमधील विद्युत-गोंगाटातून. ती तबकड्यांवर मुद्रित करत. प्रत्येक तबकडीच्या मोजक्या प्रती निघत आणि त्या विश्वासू माणसाकरवी दोन्ही टोकांना पोचवत. एक तबकडी सुमारे १२ मिनिटे पुरे. म्हणजे ४ लाख ३२ हजार आकडे. दोन खंडांवरच्या दोन तबकड्या अगदी बरोबरीने फिराव्या लागत आणि काम झाल्यावर नष्ट केल्या जात. एका टोकाच्या यंत्राचे वजन ५० टनांच्या घरात होते. लंडनमधले यंत्र ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील सेल्फ्रिजेस या दुकानाच्या पुरवणी-इमारतीच्या तळघरात ठेवले होते. या यंत्रणेवरून ३००० हून अधिक बैठका झाल्या. तिची माहिती मात्र १९७६ पर्यंत गुप्त राहिली.

आपल्या खिशातले यंत्र

त्याच १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी तबकड्या पोचवण्याची अडचण सोडवणारी पद्धत प्रसिद्ध केली. दोन अनोळखी माणसे उघड्या मार्गावरून आकड्यांची देवाणघेवाण करून सामाईक किल्ली तयार करू शकतात; ऐकणाऱ्याला ती काढायची तर एक अतिशय अवघड गणित सोडवावे लागते. ‘अशक्य’च्या जागी ‘व्यवहारात न जमणारे’ एवढीच खात्री मिळते, पण ती प्रत्येकाला परवडते. सिग्नल आणि व्हॉट्सॲपवरचे बोलणे अशाच किल्ल्यांनी एका फोनपासून दुसऱ्या फोनपर्यंत बंद राहते. साध्या मोबाइल कॉलचे कुलूप मात्र बहुधा फोनपासून मनोऱ्यापर्यंतच असते; कंपनीच्या जाळ्यात ते उघडते.

तरीही तीन गोष्टी विसरू नयेत. कोण कोणाशी केव्हा आणि किती वेळ बोलले, हे कुलूप लपवत नाही. फोनमध्येच हेरगिरी करणारी प्रणाली शिरली असेल, तर ती बोलणे कुलूप लागण्याआधीच ऐकते. आणि किल्ली आपण नेमकी कोणाशी ठरवली, हे तपासावे लागते. मधला कोणी दोन्हीकडे सोंग घेऊन बसू शकतो. त्यासाठीच या दोन्ही सेवांत ६० अंकी सुरक्षा क्रमांक दिलेला असतो. तो दोघांच्या फोनवर सारखा असायला हवा. आपल्यापैकी किती जणांनी तो कधी ताडून पाहिला आहे? फाशाचा प्रयोग झाल्यावर विद्यार्थ्यांना घरी हेच काम द्यावे.