आपल्या गाडीचे वंगण



वसंत ऋतूतील व्याख्यानांत वंगणासारखा विषय निघावा, याचे काहींना नवल वाटेल. वंगण म्हटले की काळे हात, मळके कपडे आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय एवढेच चित्र सभ्य माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. आम्ही मात्र आयुष्याची तीस वर्षे त्या दोन पायांच्याच सहवासात घालविली आहेत. शाळा आम्हांला फारशी लाभली नाही. जे थोडेबहुत शिकलो ते मोटार-कामगारांच्या सभांत, डेपोंच्या फाटकांवर आणि रात्री सार्वजनिक वाचनालयांत. तेव्हा पंडितांच्या पंक्तीत बसून आम्ही जे वाढणार ते साधेच असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. निजावयाची जागा, शेगडी, पाण्याची टाकी, मोरी असे सर्व ज्यात आहे ते फिरते घर घेऊन कोकणात वा सातपुड्यात जावे, अशी हौस आता काही कुटुंबांत दिसू लागली आहे. हौसेबद्दल आमची तक्रार नाही. परंतु असे घर घेणारा माणूस पडदे पाहतो, गाद्या दाबून पाहतो, नळ सोडून पाहतो. वाकून खाली मात्र पाहत नाही. खाली असतो तो टेम्पोचा, बसचा नाहीतर ट्रकचा सांगाडा, ज्याला आमचे मेकॅनिक चासी म्हणतात. आणि लांबच्या भाड्यावर जाणारा मालट्रकचा ड्रायव्हर तर दिवसेंदिवस आपल्या केबिनमध्येच राहतो, तिथेच निजतो. त्याचे फिरते घर कोणत्याही धोरणाच्या आधीपासूनचे आहे. दोन्ही घरांचे पाय एकाच जातीचे. आणि त्या पायांचे आरोग्य तेल व ग्रीस या दोन वस्तूंवर अवलंबून असते. ते कसे राखावे, स्वतःच्या हाताने का राखावे आणि राखताना जीव कसा जपावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम तेल करते तरी काय, ते पाहू. तेलाने भाग बुळबुळीत होतात म्हणून झिजत नाहीत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. खरी गोष्ट याहून मौजेची आहे. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनियर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी उलट वर येऊ लागले. त्याने भोकात बूच बसविले. तेलाने बूच बाहेर ढकलले. लाकडाची खुंटी ठोकली. तिचीही तीच गत झाली. यावरून असे दिसून आले की, फिरणारा आस स्वतःच तेल पाचरीसारखे आत ओढून घेतो आणि त्या तेलाच्या दाबावर आपले ओझे तोलून धरतो. १८८६ साली ऑस्बर्न रेनल्ड्स याने या गोष्टीचे गणित मांडले. तात्पर्य, चालू इंजिनात क्रँकचा दांडा बेअरिंगला टेकलेलाच नसतो. मध्ये केसाहून बारीक असा तेलाचा थर असतो. तो थर तुटला की धातू धातूला खाऊ लागतो.

आता हे तेल देणाऱ्या हातांविषयी दोन शब्द. एलायजा मॅकॉय हा गुलामगिरीतून निसटून कॅनडात गेलेल्या काळ्या आईबापांचा मुलगा. तो स्कॉटलंडमध्ये यंत्रविद्या शिकला. पुढे अमेरिकेत आल्यावर त्याच्या कातडीच्या रंगामुळे इंजिनियरची जागा त्याला कोणी दिली नाही. रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकणे आणि तेल देणे हे काम मिळाले. त्या काळी गाडी वरचेवर थांबवून तेल द्यावे लागे. १८७२ साली मॅकॉयने चालू इंजिनाला आपोआप तेल देणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. ज्याचे हात तेलात बुडाले होते, त्यालाच उपाय सुचला. हाताने काम करणाऱ्याला अक्कल नसते, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

इंजिनाचे तेल नुसते वंगण नव्हे. ते उष्णता वाहून नेते, काजळी धुऊन स्वतःत तरंगत ठेवते, जळणातून होणारे आम्ल मारते आणि गंज थोपविते. या कामांसाठी त्यात निरनिराळी रसायने घातलेली असतात, आणि ती हळूहळू खर्ची पडतात. तेल बदलावयाचे ते यासाठी. डिझेल इंजिनाचे तेल थोड्याच दिवसांत काळे होते; त्याचा अर्थ ते नासले असा नव्हे, ते आपले काम करीत आहे असा आहे. म्हणून रंगावर जाऊ नये. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले किलोमीटर आणि महिने पाहावेत, व दोहोंपैकी जे आधी भरेल ते मानावे. ट्रकचे किलोमीटर आधी भरतात. फिरते घर मात्र आठ-आठ महिने अंगणात उभे असते. त्याचे महिने आधी भरतात. उभ्या गाडीच्या तेलात दमट हवेचे पाणी आणि आम्ल साचत राहते. "गाडी चाललीच नाही, मग तेल कशाला बदलू?" हा हिशेब म्हणूनच चुकीचा आहे.

तेलाची जातही पुस्तकात दिलेली असते. डब्यावर '१५ डब्ल्यू ४०' असे लिहिलेले असेल, तर पहिला आकडा थंडीतल्या व दुसरा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा. नव्या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. तिला कमी राख करणारे तेलच लागते, नाहीतर ती तुंबते. स्वस्त मिळाले म्हणून भलतेच तेल घालू नये. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर घरी काम करण्यापूर्वी हमीच्या अटी वाचाव्यात आणि तेलाच्या व फिल्टरच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

आता प्रत्यक्ष काम. पण त्याआधी जिवाचे. गाडी सपाट व टणक जमिनीवर घ्यावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. किल्ली काढून, जो खाली शिरणार त्याने ती आपल्याच खिशात ठेवावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक हा उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नव्हे. धरण्यासाठी लोखंडी घोड्या असतात. ज्या गाडीला पाट्यांऐवजी हवेचे फुगे आहेत, तिच्या फुग्यातील हवा सुटली तर सांगाडा क्षणात खाली बसतो. तेथे खुद्द सांगाड्याखालीच आधार हवा. घोड्यांची किंमत फार नाही. घोड्या मागितल्या तर "वेळ कुठे आहे" असे उत्तर देणारे मालक आम्ही पाहिले आहेत, आणि त्यानंतरच्या अंत्ययात्रेतही चाललो आहोत.

इंजिन थोडे चालवून कोमट करावे; कोमट तेल लवकर वाहते आणि गाळ बरोबर घेऊन येते. चेंबरखाली पुरेसे मोठे घमेले ठेवावे, कारण ट्रकच्या इंजिनात मोटारीच्या कितीतरी पट तेल असते. नट सोडून तेल पूर्ण निथळू द्यावे. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी कडी इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपावे. जुन्या कडीवर नवी कडी बसली, तर सारे तेल रस्त्यावर जाते. नव्या कडीला तेलाचे बोट लावून फिल्टर हातानेच, त्यावर लिहिल्याप्रमाणे आवळावा. नटाला नवा वॉशर घालावा. मापाने तेल ओतावे, इंजिन सुरू करावे आणि तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत एक्सलरेटरला पाय लावू नये. मग बंद करून, तेल खाली उतरू देऊन, मोजपट्टीवर दोन खुणांच्या मध्ये पातळी आहे का ते पाहावे. कमी तेल वाईट तसे जास्तही वाईट; जास्त झाले तर फेस होतो.

हे सर्व गॅरेजवालाही करील. मग स्वतः का करावे? कारण निथळणारे तेल बोलते. ते दुधासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. डिझेलचा वास आला आणि ते पातळ झाले असेल तर जळण गळते आहे. त्यात तांबूस कण चमकले तर बेअरिंग झिजते आहे. शिवाय खाली शिरलेला माणूस सुटलेला बोल्ट पाहतो, चिरलेली पाटी पाहतो, घासलेला ब्रेकचा पाइप पाहतो. घाटात ब्रेक जाण्यापूर्वी तो पाइप कोणाच्या तरी नजरेस पडावा, हाच या कामाचा खरा लाभ होय.

इंजिनानंतर चासी. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट पदार्थात धरून ठेवलेले तेल. ते लागेल तसे तेल सोडते. बैलगाडीच्या आखाला आपले पूर्वज वंगण देत, तेच हे काम. जागा मात्र अनेक: पुढच्या चाकांचे किंगपिन, पाट्यांच्या शॅकलच्या पिना, स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, ब्रेकचे दांडे. कोणत्या गाडीला किती निपल आहेत ते पुस्तकात पाहून कागदावर लिहावे आणि एकेकापुढे खूण करीत जावे. स्मरणावर विसंबल्यास एखादे निपल वर्षानुवर्षे कोरडे राहते. आधी निपल पुसावे, नाहीतर ग्रीसबरोबर मातीही आत जाते. उघड्या सांध्यातून जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत भरावे. रबरी टोपी असलेल्या सांध्यात ती जराशी फुगताच थांबावे. क्रॉसच्या चारही टोकांतून ग्रीस डोकावले पाहिजे. किंगपिनला ग्रीस देताना चाक जमिनीवरून उचललेले असावे, म्हणजे ओझ्याखाली दबलेल्या जागेतही ते पोचते. ब्रेकच्या दांड्याला मात्र बेतानेच द्यावे. जास्त झालेले ग्रीस लायनरवर गेले तर ब्रेक लागत नाही. ट्रक कधीतरी रिकामा परततो. फिरते घर आपला संसार सदैव पाठीवर घेऊन उभे असते. म्हणून त्याच्या पिनांना विसावा नाही. पावसाळा संपला की त्याला एकदा ग्रीस द्यावेच.

एक धोका फारच थोड्यांना ठाऊक असतो. ग्रीसगनचा दाब मोठा असतो. नळी फुटून ग्रीस कातडीत घुसले तर जखम सुई टोचल्याएवढीच दिसते, दुखतही नाही; पण आत मांस सडू लागते आणि बोट जाऊ शकते. अशा वेळी घरगुती उपाय न करता तत्काळ इस्पितळ गाठावे.

तेलाचा दुसरा धोका सावकाशीचा आहे. लँकेशायरच्या कापड गिरण्यांत म्यूल यंत्रावर कातणाऱ्या कामगारांच्या कपड्यांत वर्षानुवर्षे खनिज तेल मुरत असे. त्यांना कातडीचा कर्करोग होतो, हे १९२२ साली मँचेस्टरच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले; त्यावर नियम झाले ते १९५३ साली. मधल्या एकतीस वर्षांत किती कामगारांनी किंमत मोजली असेल! वापरलेल्या इंजिन-तेलातही तशीच घातक द्रव्ये असतात. म्हणून हातमोजे घालावेत, तेलकट फडके खिशात ठेवू नये, हात डिझेलने न धुता साबणाने धुवावेत. आणि ते तेल गटारात, मातीत वा विहिरीजवळ ओतू नये. तेल मळते, मरत नाही. शुद्ध करून ते पुन्हा वापरता येते. ते झाकणाच्या डब्यात भरून नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरणवाल्याकडे जाईल अशा ठिकाणीच द्यावे.

शेवटी आमच्या संघटनेच्या कामाची गोष्ट. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाच्या कामाला सामान्यतः आठ तासांची मर्यादा घातली होती, आणि कामाचे तास मोजताना गाडीची निगा व दुरुस्ती यांचा वेळही त्यात धरला होता. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे. पण त्यातील विचार जुना होण्यासारखा नाही. ग्रीस मारणे हे फुकटचे काम नव्हे, ते कामच आहे. ड्रायव्हरचे तास पिळले जातात तेव्हा सर्वांत आधी ग्रीसचाच तास कापला जातो, आणि त्याची भरपाई पुढे रस्त्यावरची माणसे करतात.

तेव्हा ज्यांच्याजवळ फिरते घर आहे, त्यांनी वर्षातून एकदा तरी स्वतः गाडीखाली जावे. ज्यांना ते होत नाही, त्यांनी जाणाऱ्याला घोड्या द्याव्यात, हातमोजे द्यावेत, पुरता वेळ द्यावा आणि त्या वेळेचे पैसे द्यावेत. मग गाडीखालून बाहेर आलेले ते दोन पाय कोणाचे आहेत, हे विचारण्याचीही बुद्धी आपोआप होईल.