लाल तार, पिवळी तार

पहाटेचे पाच वाजत होते. दाराची कडी जोरजोरात वाजली. बाहेर आमच्या बचत गटातल्या एक मावशी उभ्या. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. "ताई, गाडी काढता का जरा?"

मी अंगावर शाल घेतली, किल्ली घेतली आणि अंगणात आले. गाडीवरचं कव्हर ओढलं, तर आत डॅशबोर्डवर काहीतरी निळसर मिणमिणत होतं. मला वाटलं, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडला असेल. किल्ली फिरवली. "टक्." एवढाच आवाज. पुन्हा फिरवली. पुन्हा "टक्", आणि तो निळा उजेडही विझला.

शेवटी मागच्या गल्लीतल्या रिक्षावाल्या दादांना उठवलं. सगळं वेळेत झालं, मावशींना नात झाली. पण रिक्षा येईपर्यंतची ती वीस मिनिटं मावशींच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. दारात गाडी उभी आणि उपयोग शून्य!

तो निळा उजेड गाडीत चारच दिवसांपूर्वी बसवलेल्या नव्या स्टिरिओचा होता. तो बसवला जात होता तेव्हा मी दहा पावलांवर खुर्चीत बसून चहा पीत होते. म्हणून ही सगळी गोष्ट तुम्हाला सांगायची.

आमची गाडी म्हणजे मारुती ८००, सन २००५ची. माझ्या वडिलांची. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण छोट्या गावांतून ती अजून धावते आहे. दुरुस्ती स्वस्त, पार्ट मिळतात आणि अरुंद गल्लीतही वळते. गटांच्या बैठकांसाठी मला आसपासच्या खेड्यांत जावं लागतं, तेव्हा हीच माझी सोबतीण.

वडिलांनी हौसेनं बसवलेला कॅसेटचा टेप मात्र म्हातारा झाला होता. एके दिवशी त्यानं भीमसेनजींच्या अभंगांची कॅसेटच गिळली. फीत ओढून ओढून बाहेर काढली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. लेक म्हणाला, "आई, आता नवीन सेट बसव. ब्लूटूथ असलेला. मोबाईलमधली गाणी लागतात."

तर आम्ही दोघं दुकानात गेलो. गाडी मी चालवत आणलेली, पैसे माझ्या पर्समध्ये, आणि दुकानदार विचारतोय यांना, "साहेब, कोणता दाखवू?" ह्यांना गाडीतलं पेट्रोल कुठून भरतात एवढंच माहीत. हे माझ्याकडे बघायला लागले. मी सेट पसंत केला. मग "मॅडम, तुम्ही बसा निवांत, चहा घ्या, अर्ध्या तासात होतंय." आणि मी बसले! लग्नात दागिना घ्यायचा तर आपण सोनाराच्या तराजूवरची नजर हलवत नाही, पण गाडीचं काम म्हटलं की आपण खुर्ची शोधतो.

त्या सकाळी मी आमच्या जुन्या वायरमनकाकांना बोलावलं. वडिलांच्या वेळेपासून गाडीच्या लाईटीचं काम तेच बघतात. काकांनी आधी दोन पोरांना धक्का मारायला लावून गाडी चालू केली, थोडा वेळ चालू ठेवली आणि मग बंद करून किल्ली काढली. सेट चालूच! आवाजाचं बटण शून्यावर होतं, म्हणून कळत नव्हतं इतकंच. शनिवारी संध्याकाळी लेकानं आवाज बारीक करून गाडी लावली होती. तेव्हापासून सोमवारच्या पहाटेपर्यंत कव्हरखाली तो सेट बॅटरी खात बसला होता. एवढ्याशा गाडीची बॅटरीही लहानच, त्यात आमची जुनी झालेली. कितीशी टिकणार?

"या ताई, बघा," काका म्हणाले. त्यांनी आधी बॅटरीची मायनसची वायर काढून ठेवली. कोणतंही वायरिंग उघडण्याआधी हे करायचंच, म्हणाले, म्हणजे तारेला तार लागून ठिणगी उडत नाही. मग सेट बाहेर ओढला. मागे तारांचा हा एवढा गुंता! पण काकांनी सांगितलं तेव्हा तो गुंता स्वयंपाकघरातल्या फळीसारखा वाटायला लागला. प्रत्येक डब्याची जागा ठरलेली.

काळी तार अर्थिंगची. ती गाडीच्या पत्र्याला, रंग खरवडून घट्ट बसवायची. पिवळी तार बॅटरीची. तिच्यात चोवीस तास करंट असतो, पण सेट बंद असताना तो अगदी थोडा लागतो. घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं लक्षात ठेवण्यापुरता. लाल तार किल्लीची. किल्ली फिरवली की तिच्यात करंट येतो, काढली की जातो. सेटनं कधी जागं व्हायचं आणि कधी झोपायचं, हे त्याला लाल तार सांगते.

आमच्या सेटची लाल आणि पिवळी तार एकत्र पिळून सरळ बॅटरीच्या तारेला जोडली होती. म्हणजे सेटला किल्लीचा पत्ताच नाही. "असं का केलं असेल हो?" मी विचारलं. काका हसले. "किल्लीची तार शोधायला टेस्ट लॅम्प घेऊन खाली वाकावं लागतं. दहा मिनिटं जातात. आणि गिऱ्हाईकही खूश, किल्ली न लावता गाणी वाजतात!"

त्याहून वाईट पुढेच होतं. पिवळ्या तारेवर छोटा फ्यूज असतो. तो कापून टाकला होता आणि जोडावर टेपही धड नव्हती. ती उघडी तार पत्र्याला लागली असती, तर थांबवायला मध्ये काहीच नव्हतं. तार लालभडक तापते, वरचं प्लॅस्टिक पेटतं. फ्यूज स्वतः वितळतो आणि गाडी वाचवतो. हे ऐकल्यावर, बॅटरी उतरली तेवढ्यावरच निभावलं म्हणून मी देवाचे आभार मानले.

उरलेल्या आठ तारा स्पीकरच्या. चार जोड्या. पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. प्रत्येकीची जोडीदारीण त्याच रंगाची, अंगावर काळी रेघ असलेली. ती मायनसची. बहुतेक सेटना हेच रंग असतात, पण स्वस्तातल्या सेटमध्ये बदलूही शकतात, म्हणून सेटवर चिकटवलेला नकाशा आधी वाचायचा. जुन्या गाड्यांची एक खोड काकांनी सांगितली. पूर्वीच्या काही टेपमध्ये स्पीकरची मायनसची तार सरळ पत्र्याला जोडायचे. नव्या सेटला तसं चालत नाही, तो जळतो. म्हणून जुन्या गाडीत स्पीकरच्या तारा कशा ओढल्या आहेत, हे आधी तपासायला हवं. आमच्या मागच्या फळीवरच्या दोन्ही स्पीकरना काकांनी नव्या तारा ओढल्या. पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे रबरी वायसर बसवला, नाहीतर पत्र्याची धार हळूहळू तार कापते.

काका काम करत होते आणि मी बॅटरी धरून उभी होते. शेवटचे दोन जोड त्यांनी मला करायला लावले. तार सोलायची, कपलरमध्ये घालायची, पक्कडीनं दाबायची. वाती वळण्यापेक्षा अवघड नाही हो!

मैत्रिणींनो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल आणि सेट बसवायचा असेल, तर एवढं लक्षात ठेवा. जुन्या गाडीतला खण साधारण १८ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच असतो. त्यात त्याच मापाचा सेट बसतो. टीव्हीसारखा मोठा पडदा असलेला सेट दुप्पट उंच असतो. त्यासाठी डॅशबोर्ड कापू देऊ नका. खोक्यावर मोठाले वॉट छापलेले असतात, त्यांना भुलू नका. गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर साध्या सेटमधून एका स्पीकरला पंधरा-वीस वॉटच्या आसपासच खरा आवाज मिळतो, आणि गाडीत तो भरपूर होतो. स्पीकर घेताना ते किती ओहमचे आहेत ते विचारा. साधारण ४ ओहमचे लागतात. गाडीच्या मूळ तारा कापण्याऐवजी कपलर मिळत असेल तर तोच लावायला सांगा. बिल घ्या आणि जुना टेप परत मागा.

आणि दुकानातून निघण्याआधी दोन मिनिटांची परीक्षा घ्या. एक स्टेशन लावून ठेवा आणि किल्ली काढा. सेट बंद झाला पाहिजे. चालूच राहिला तर लाल तार चुकली. पुन्हा किल्ली लावा. तेच स्टेशन लागलं पाहिजे. सगळं विसरला असेल तर पिवळी तार चुकली. यासाठी ना मीटर लागतो ना शिक्षण. मी तर मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई!

नंतर मी त्या दुकानात गेले. एकटीच. भांडायला नाही, पण कापलेला फ्यूज काउंटरवर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. दुकानदार आधी म्हणाला, "साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो." मी म्हटलं, "मलाच समजवा. लाल तार कुठे जोडली होती?" मग मात्र त्याचा सूर बदलला. फिटिंगचे पैसे त्यानं परत दिले. पैशांपेक्षा, त्यानं पोराला हाक मारून "यापुढे किल्लीची तार शोधूनच जोडायची" असं माझ्यादेखत बजावलं, त्याचं समाधान जास्त वाटलं.

गटाच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा बायका आधी हसल्या. मग एक जण हळूच म्हणाली, "ताई, आमच्या टेम्पोचीबी बॅटरी सारखी उतरती. मालक म्हणतात बॅटरीच खराब. दोनदा बदलली." मी म्हटलं, "टेप आहे का त्यात?" आहे म्हणाली. आज संध्याकाळी किल्ली काढून बघ म्हटलं, आणि दोन्ही तारांचे रंग तिच्या वहीत लिहून दिले.

मावशींची नात सव्वा महिन्याची झाली, तेव्हा मीच त्या बाळ-बाळंतिणीला देवळात घेऊन गेले. वाटेत सेटवर अभंग लावले होते, बाळ शांत झोपलं. देवळापाशी गाडी उभी केली, किल्ली काढली. सेट बंद झाला. तरी मी वाकून एकदा बघितलंच!