रडणारी भिंत चांगली!

मुलांनो, तुमच्या शाळेच्या वाटेवर, सोसायटीच्या मागे किंवा घाटातल्या रस्त्याकडेला अशी एक भिंत नक्की असेल. तिच्या एका बाजूला आपण उभे असतो. आणि दुसऱ्या बाजूला? तिथे खोली नसते, अंगण नसते, नुसती माती असते! टेकडी कापून जागा सपाट केली, की वरची माती खाली घसरू नये म्हणून ही भिंत बांधतात. तिला म्हणतात संरक्षक भिंत. बॉल आपटायला, लपाछपीत राज्य आलं की डोळे झाकून टेकायला ती फार सोयीची! पण ती बिचारी रात्रंदिवस मातीचा रेटा सोसत उभी असते, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

कधी कधी कुंपणाची साधी भिंतही हेच काम करू लागते. एका बाजूची जमीन वर, दुसऱ्या बाजूची खाली असली, किंवा वरच्या अंगाला माती नि पाणी साचलं, की तिच्यावर रेटा येतो. तो सोसण्यासाठी ती बांधलेलीच नसते.

२०१९ चा पावसाळा आठवा. तुम्हांला नसेल आठवत, तर आईबाबांना विचारा. २९ जूनला मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीच्या आवाराची भिंत खालच्या बाजूला असलेल्या मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली. १५ जण गेले. तीनच दिवसांनी मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात, पाण्याच्या जलाशयाच्या आवाराची भिंत रात्री घरांवर पडली. तीसच्या आसपास माणसं दगावली. दोन्हीकडे लहान मुलंही होती. त्या २४ तासांत मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत ३७५ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता.

दोन्ही वेळी रात्र होती, जोराचा पाऊस होता आणि भिंतीखाली माणसं झोपलेली होती. मग पावसात असं काय होतं, की वर्षानुवर्षं उभी असलेली भिंत एका रात्रीत पडते?

करून पाहा : ढीग कशाचा होतो?

एका ताटात कोरडी वाळू हळूहळू ओता. छान ढीग होतो ना? वाळूचे कण एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून ढीग उभा राहतो. आता दुसऱ्या ताटात पाणी ओता. झाला ढीग? छे! पाणी लगेच पसरतं. पाणी स्वतःला मुळीच सावरत नाही. जे काही आडवं येईल त्याला ते पूर्ण जोराने ढकलतं.

भिंतीमागे हेच घडतं. समजा भिंत ३ मीटर उंच आहे, म्हणजे साधारण एक मजला. तिचा १ मीटर लांबीचा तुकडा घ्या. मागची माती कोरडी असली, तर ती या तुकड्याला सुमारे पावणेतीन टन वजनाएवढ्या जोराने रेटते. जणू एक हत्तीण पाठ लावून उभी आहे! आता तीच माती वरपर्यंत पाण्याने भरू द्या. जोर होतो सुमारे सहा टन. म्हणजे एकीच्या जागी दोन हत्तिणी! माती तेवढीच, भिंत तीच. वाढलं ते फक्त पाणी.

आता कळलं ना? भिंतीचा खरा शत्रू माती नाही, अडकलेलं पाणी आहे.

वीप होल म्हणजे काय?

कोकणात आजोळी गेलात, तर गडगे जरूर पाहा. एकावर एक नुसते धोंडे रचलेले असतात. ना सिमेंट, ना चुना. पण धोंड्यांच्या फटींतून पाणी आपसूक निघून जातं. घाटात लोखंडी जाळ्यांत दगड भरून रचलेल्या भिंती असतात, त्यांचीही युक्ती हीच.

सिमेंटच्या भिंतीला अशा फटी नसतात. म्हणून तिच्यात ठरावीक अंतरावर पाइपांचे तुकडे बसवून भोकं ठेवतात. इंजिनिअर नि गवंडी त्यांना वीप होल म्हणतात. वीप म्हणजे रडणं! पावसात या भोकांतून पाण्याच्या धारा लागल्या, की समजा भिंतीचं मन मोकळं होतंय. भिंत रडली तर बरं. धो-धो पाऊस पडतोय आणि कालपर्यंत वाहणारी भोकं आज कोरडी ठाक आहेत, तर मात्र काळजी करा. पाणी आत कोंडलंय!

दोन प्लॅस्टिकचे जुने पेले घेऊन बघा. मोठ्यांच्या मदतीने दोन्हींना तळाशी बाजूने एकेक भोक पाडा. एकात भोकाजवळ बारीक खडी टाकून वर वाळू भरा, दुसऱ्यात नुसती वाळू. दोन्हींत पाणी ओता. नुसत्या वाळूच्या पेल्यातून पाण्याबरोबर वाळूही वाहून येईल. खडीच्या पेल्यातून वाळू कमी येईल. म्हणूनच भिंतीच्या पाठीमागे खडीचा थर घालतात. भोकातून गढूळ पाणी यायला लागलं, तर आतली माती वाहून चाललीय असं समजावं.

भिंतीची तब्येत कशी ओळखायची?

डॉक्टर आधी नुसतं बघतात ना? तसंच. हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही. कोरड्या दिवशी, आईबाबांबरोबर, लांबूनच बघायचं.

भिंत बाहेर कललीय का? गवंडी यासाठी ओळंबा वापरतात. दोरीला टांगलेलं ते वजन सरळ खाली लोंबतं, त्यावरून भिंतीचा कल कळतो. पण एक गंमत लक्षात ठेवा. भिंत मातीच्या बाजूला झुकलेली असली तर घाबरू नका, बऱ्याच भिंती मुद्दामच तशा बांधतात. आपल्या बाजूला झुकलेली भिंत धोक्याची.

भिंतीचं पोट सुटलंय का? मधला भाग फुगून पुढे आला असेल, तर आतून रेटा फार झालाय.

भेगा कशा आहेत? आडवी भेग, किंवा पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी चढत गेलेली भेग वाईट. भेग वाढतेय का, हे कळण्यासाठी मोठी माणसं तिच्या दोन्ही टोकांना खूण करून तारीख लिहितात. महिन्याभराने भेग खुणेच्या पुढे गेली, तर ती वाढतेय.

वरची जमीन कशी आहे? भिंतीला समांतर लांब भेग पडली असेल, कुंपण किंवा विजेचा खांब कलला असेल, तर माती सरकू लागली आहे.

आणि भिंतीत पिंपळ किंवा वड उगवलाय का? रोप दिसायला गोजिरं दिसतं, पण त्याची मुळं दगड सुटे करतात.

पाऊस नसतानाही पाणी?

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही, बरं का! हाँगकाँग हे शहरही मुंबईसारखंच दाटीवाटीचं, डोंगरउतारांवर चढलेलं आणि मुसळधार पावसाचं. तिथे १८ जून १९७२ या एकाच दिवशी दोन ठिकाणी दरडी कोसळून १३० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर, १९७७ साली, सरकारने उतारांवर नि भिंतींवर लक्ष ठेवायला वेगळं कार्यालयच उघडलं.

तरी १९९४ च्या जुलैत क्वुन लुंग लाउ या वसाहतीजवळची जुनी दगडी भिंत पडली आणि पाच जण मेले. कॅनडाचे प्राध्यापक नॉर्बर्ट मॉर्गनस्टर्न यांनी चौकशी केली. तेव्हा काय आढळलं? भिंत समजलं होतं त्यापेक्षा पातळ होती. आणि जमिनीखालची गटारं नि सांडपाण्याचे पाइप गळत होते. ते पाणी गुपचूप मातीत मुरत होतं! म्हणजे पाणी फक्त आभाळातूनच येतं असं नाही. वरच्या इमारतीचा गळका पाइपही भिंत पाडू शकतो.

आज हाँगकाँगमध्ये माणसाने केलेल्या सुमारे ६०,००० उतारांची नि भिंतींची नोंद आहे. प्रत्येकाला मोटारीसारखा नंबर! रस्त्याने जाणाऱ्याला भिंत बिघडलेली दिसली, तर तो नंबर सांगून कळवू शकतो.

मग उपाय काय?

आईबाबांनो, हे तुमच्यासाठी. पावसाळ्याआधी भोकं मोकळी करून घ्या. वरच्या बाजूला गटार काढून पाणी दुसरीकडे वळवा आणि गळके पाइप दुरुस्त करा. भिंतीच्या माथ्यावर राडारोडा किंवा मातीचे ढीग टाकू नका, गाड्या लावू नका. पायथ्याची माती खणू नका. भिंत तिथेच पाय रोवून उभी असते. भेगेवर नुसतं प्लॅस्टर फिरवलं, तर दुखणं झाकतं, बरं होत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तो पाहून ठरवेल, भिंतीला टेकू द्यायचा, मागच्या मातीत लोखंडी सळया घालून ती पक्की करायची, की भिंत उतरवून नवी बांधायची.

आणि मुलांनो, तुमचं काम सोपं पण मोठं आहे. बघा आणि सांगा. भिंतीचं पोट सुटलेलं दिसलं, तर खेळायची जागा बदला आणि लगेच घरी, शाळेत सांगा. कोणी म्हणालं, 'अरे, ती कधीपासून अशीच आहे,' तर पुन्हा सांगा. भिंत तडतडली, खडे पडू लागले, भेग डोळ्यांदेखत रुंदावली, तर चप्पल-दप्तर शोधत बसू नका. सगळ्यांना हाक मारा आणि भिंतीपासून दूर पळा. किती दूर? भिंतीच्या उंचीच्या दुपटीहून अधिक, आणि त्याहूनही लांब गेलात तर उत्तम. मग ११२ वर फोन करा. मुंबईत महापालिकेचा आपत्ती क्रमांक १९१६ आहे.

पुढच्या पावसात भिंतीची भोकं वाहताना दिसली, तर मित्रालाही दाखवा आणि सांगा, 'बघ, रडतेय. म्हणजे ठीक आहे.'