अल्प खर्चातील मदरबोर्ड : निवड कशी करावी?

दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड आणि चेन्नईची रिची स्ट्रीट या संगणकाच्या सुट्या भागांच्या प्रसिद्ध बाजारपेठा होत. तयार संगणक विकत घेण्याऐवजी अशा ठिकाणांहून एकेक भाग आणून घरच्या टेबलावर तो स्वतः जुळवणारे तरुण आज आपल्या अनेक शहरांत आढळतात. त्यांपैकी पुष्कळांचा हेतू संगणकावर खेळ खेळण्याचा असतो आणि हाताशी असलेली रक्कम मोजकी असते : काही शिकवण्या करून साठवलेली, काही वडिलांनी दिलेली. ती पुन्हा मिळण्याचा संभव नसतो. म्हणून कोणत्या भागावर किती खर्च करावा, हा प्रश्न अशा खरेदीदाराच्या दृष्टीने मोठ्या महत्त्वाचा ठरतो.

प्रोसेसर कोणता घ्यावा, ग्राफिक्स कार्ड कोणते घ्यावे, याविषयी त्याचे मत बहुधा आधीच ठरलेले असते. मदरबोर्डाच्या बाबतीत मात्र तो गोंधळतो. एकाच प्रोसेसरला चालणारे पाच-सहा मदरबोर्ड दुकानदार पुढे ठेवतो. त्यांच्या किमतींत दुप्पट-तिप्पट अंतर असते, आणि नवख्या डोळ्यांना तर ते सारे सारखेच दिसतात. हे अंतर कशामुळे पडते आणि त्यातले आपल्या उपयोगाचे किती, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

मदरबोर्डाचे कार्य

संगणकाचे सर्व भाग ज्या एका मोठ्या फलकावर बसतात किंवा ज्याला तारांनी जोडले जातात, तो मदरबोर्ड. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या मुख्य फलकावर इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता आणि निरनिराळी कार्डे खोवण्यासाठी पाच खाचा होत्या. पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम करणारे कार्डसुद्धा त्या वेळी वेगळे बसवावे लागे. आज ध्वनी, नेटवर्क, यूएसबी इत्यादी सोयी फलकावरच असतात. परंतु त्याचे मूळ कार्य बदललेले नाही. प्रत्येक भागाला योग्य तेवढी वीज पोचवणे, आणि या भागाकडील माहिती त्या भागाकडे नेण्यासाठी वाट उपलब्ध करून देणे, ही ती दोन कामे होत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मदरबोर्ड स्वतः कोणताही खेळ वेगाने चालवत नाही. खेळातील दृश्ये रेखाटण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते आणि खेळाचा हिशेब प्रोसेसर ठेवतो. तेच कार्ड आणि तोच प्रोसेसर स्वस्त फलकावर बसवला काय किंवा महाग फलकावर बसवला काय, दर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांच्या संख्येत नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. मात्र स्वस्त फलकाने त्या दोघांना पुरेशी वीज आणि पुरेशी रुंद वाट दिली पाहिजे. ही अट पूर्ण करणारा सर्वांत स्वस्त फलक ओळखणे, हेच येथे आपले काम आहे.

सॉकेट आणि चिपसेट

प्रोसेसर ज्या चौकोनी जागेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एका सॉकेटचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. त्यामुळे सॉकेट निवडताना, आज कोणता प्रोसेसर बसेल याबरोबरच चार वर्षांनी कोणता बसू शकेल, हेही आपण ठरवत असतो.

या बाबतीत दोन प्रमुख कंपन्यांचा इतिहास निरनिराळा आहे. इंटेलच्या एलजीए १२०० या सॉकेटवर दहाव्या आणि अकराव्या पिढीचे प्रोसेसर चालले. २०२१ साली एलजीए १७०० आले आणि त्यावर बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसले. २०२४ साली एलजीए १८५१ आल्यावर जुन्या सॉकेटची वाट तेथेच संपली. एएमडीचे एएम४ हे सॉकेट २०१६ साली आले आणि पुष्कळ अधिक काळ टिकले. तेही वादाशिवाय झाले नाही. मे २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की, पुढील पिढीचे प्रोसेसर बी ४५० या लोकप्रिय चिपसेटच्या फलकांवर चालणार नाहीत. बायॉस नावाची मूलभूत आज्ञावली ज्या चिपमध्ये साठवलेली असते, तिची क्षमता अनेक फलकांवर फक्त १६ मेगाबाइट होती आणि तीत साऱ्या पिढ्यांची माहिती मावत नव्हती. खरेदीदारांनी तीव्र नाराजी व्यक्त केली, तेव्हा कंपनीने त्याच महिन्यात निर्णय फिरवला. पुढे २०२२ साली त्याहूनही जुन्या फलकांना ही सवलत मिळाली. परिणामी २०१७ साली घेतलेल्या अनेक फलकांवर २०२२ सालचा रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर बसू शकला. संगणक न बदलता केवळ प्रोसेसर बदलून ज्यांना आणखी काही वर्षे काढता आली, त्यांच्या दृष्टीने ही बचत लहान नव्हती.

एएम४ च्या जागी २०२२ साली एएम५ आले. २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही त्याला आपला पाठिंबा राहील, असे एएमडीने २०२४ साली जाहीर केले आहे. एएम५ वर फक्त डीडीआर५ ही रॅम चालते आणि त्यामुळे आरंभीचा खर्च वाढतो; एएम४ वर डीडीआर४ चालते. या दोन्ही पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

सॉकेटनंतर चिपसेटचा विचार करावयाचा. बी ५५०, एच ६१०, ए ६२० ही जी नावे खोक्यावर दिसतात, ती चिपसेटची होत. फलकावर किती सोयी असाव्यात हे चिपसेटवरून ठरते. प्रोसेसरची गती नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे वाढवण्याची मुभा एएमडीच्या बी वर्गात असते, ए वर्गात नसते. इंटेलमध्ये ती मुख्यतः महागड्या झेड वर्गातच मिळते. अल्प खर्चात संगणक जुळवणाऱ्याने या सोयीसाठी पैसे मोजू नयेत. रॅमच्या गतीकडे मात्र लक्ष द्यावे. एच ६१० च्या फलकावर रॅम तिच्या प्रमाणित गतीपेक्षा अधिक वेगाने चालवता येत नाही. कोअर आय५ १२४००एफ या प्रोसेसरबरोबर ६००० गतीची डीडीआर५ पट्टी त्यावर बसवली, तर ती ४८०० गतीनेच चालेल आणि वरच्या गतीसाठी दिलेले पैसे वाया जातील. बी ६६० किंवा बी ७६० च्या फलकावर ही अडचण येत नाही.

वीज आणि उष्णता

स्वस्त आणि महाग फलकांतील सर्वांत खरा फरक वीजपुरवठ्यात असतो. एसएमपीएसकडून फलकाला १२ व्होल्टची वीज मिळते; प्रोसेसरला सुमारे सव्वा व्होल्टचीच गरज असते. हा दाब उतरवण्याचे काम प्रोसेसरच्या भोवती मांडलेले मॉसफेट, तारेची लहान वेटोळी आणि कपॅसिटर मिळून करतात.

या कामाचा भार किती असतो याची आपल्याला सहसा कल्पना नसते. रायझन ५ ५६०० या सहा गाभ्यांच्या प्रोसेसरवर ६५ वॅट असा आकडा छापलेला असला, तरी प्रत्यक्षात तो ७६ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. सव्वा व्होल्टला ७६ वॅट म्हणजे सुमारे ६० अँपियरचा प्रवाह झाला. घरातील गीझरचा मोठा प्लग १६ अँपियरचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या लहानशा जागेतून काय वाहत असते ते कळेल.

एवढा प्रवाह एकाच वाटेने नेणे परवडत नाही. म्हणून तो अनेक समांतर वाटांत विभागतात. या वाटांना फेज म्हणतात. प्रवाह दुप्पट झाला की तारेच्या रोधामुळे निर्माण होणारी उष्णता चौपट होते, हा नियम आपण शाळेत शिकलेला असतो. त्याच नियमाने, चार फेजऐवजी आठ फेज असल्या तर प्रत्येकीवरील प्रवाह निम्मा होतो आणि रोधामुळे होणारी एकूण उष्णताही जवळजवळ निम्म्यावर येते. फेजची संख्या वाढली की किंमतही वाढते, हे ओघानेच आले.

उष्णता फार वाढली तर फलक स्वसंरक्षणासाठी प्रोसेसरची गती उतरवतो. खेळ सुरू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे सारे सुरळीत असते, नंतर चित्र अडखळू लागते. अशा वेळी खरेदीदार ग्राफिक्स कार्डाला दोष देतो. प्रत्यक्षात दोष वीजपुरवठ्याचा असू शकतो. नागपूर किंवा दिल्ली येथील मे महिन्यात खोलीचेच तापमान ४० अंशांच्या आसपास जाते. थंड हवेच्या देशात जो फलक जेमतेम पुरतो, तो येथे पुरेलच असे नाही.

याचा अर्थ प्रत्येकाने आठ-दहा फेजचा फलक घ्यावा असा मात्र नाही. सहा गाभ्यांच्या साध्या प्रोसेसरला मध्यम प्रतीचा स्वस्त फलक सहसा पुरतो. बारा किंवा सोळा गाभ्यांचा प्रोसेसर सर्वांत स्वस्त फलकावर बसवणे ही चूक होय. जाहिरातीतील फेजची संख्या नेहमीच विश्वसनीय नसते. म्हणून मॉसफेटवर ॲल्युमिनियमचा हीटसिंक बसवलेला आहे किंवा नाही, हे स्वतः पाहावे. अगदी उघडे मॉसफेट असलेला फलक आपल्या हवामानात शक्यतो टाळावा.

माहितीची वाट

ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांच्यामधील वाटेला पीसीआय एक्सप्रेस असे नाव आहे. ही वाट अनेक मार्गिकांची बनलेली असते. तिसऱ्या आवृत्तीत एका मार्गिकेतून सेकंदाला सुमारे एक गिगाबाइट माहिती जाते. चौथ्या आवृत्तीत सुमारे दोन. फलकावरील मोठ्या खाचेत सोळा मार्गिका असतात, पण स्वस्त कार्डे त्या साऱ्या वापरतातच असे नाही.

जानेवारी २०२२ मध्ये आलेले एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड याचे बोलके उदाहरण आहे. ते केवळ चार मार्गिका वापरते. चौथ्या आवृत्तीच्या फलकावर त्याला सेकंदाला सुमारे आठ गिगाबाइट माहिती मिळू शकते, तिसऱ्या आवृत्तीच्या फलकावर फक्त चार. कार्डाची स्वतःची स्मृती चार गिगाबाइटचीच असल्यामुळे मोठ्या खेळातील सामग्री तीत मावत नाही, आणि उरलेली सामग्री या अरुंद वाटेने पुन्हा पुन्हा आणावी लागते. त्यामुळे जुन्या फलकांवर त्याचा वेग पुष्कळ घटला. स्वस्त कार्ड घेणारा बहुधा जुन्या किंवा स्वस्त फलकाचाच मालक असतो. म्हणजे ज्याची ऐपत कमी त्यालाच याची झळ अधिक बसली.

यास्तव फलक आणि कार्ड यांचा विचार एकत्र करावा. ए ५२० चा फलक तिसऱ्या आवृत्तीचा आहे, बी ५५० च्या मुख्य खाचेत चौथी आवृत्ती मिळते. तीही प्रोसेसर त्या आवृत्तीचा असेल तरच : रायझन ५ ५६०० चौथ्या आवृत्तीचा आहे, रायझन ५ ५५०० तिसऱ्या. नावांतील अंतर थोडे, पण परिणाम मोठा. आठ मार्गिकांच्या आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० या कार्डांच्या बाबतीत मात्र ही हानी बहुधा किरकोळ असते.

रॅमसाठीही वाट असते, आणि ती दुहेरी असते. १६ गिगाबाइटची एकच पट्टी लावण्यापेक्षा आठ-आठच्या दोन लावल्या म्हणजे दोन्ही वाटा एकदम उपयोगात येतात. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर हा लाभ विशेष जाणवतो. फलकावर चार खाचा असल्यास पुढे आणखी पट्ट्या जोडता येतात; दोनच असल्या तर जुन्या काढाव्या लागतात.

दुकानात गेल्यावर

मायक्रोएटीएक्स हा २४४ मिलिमीटर लांबी-रुंदीचा फलक बहुधा सर्वांत स्वस्त पडतो आणि एका ग्राफिक्स कार्डासाठी पुरेसा असतो. रंगीत दिवे, धातूची नक्षी यांचा खेळाशी संबंध नाही. वायफाय नसल्यास ते पुढे लहानशा यूएसबी जोडणीने मिळवता येते.

पैसे देण्यापूर्वी खोके उघडून सॉकेट नीट पाहावे. एएम५ आणि एलजीए १७०० यांच्या पिना फलकावरच असतात; त्यांतली एखादी वाकलेली निघाली, तर हमी असूनही बहुधा भरपाई मिळत नाही. सॉकेटवरील प्लॅस्टिकचे झाकण जपून ठेवावे, कारण हमीची मागणी करताना ते लागते. फलक दुकानात पुष्कळ दिवस पडून असेल, तर त्यातील बायॉस जुनी असण्याचा आणि नवा प्रोसेसर तिला न ओळखता येण्याचा संभव असतो. ती दुकानदाराकडूनच अद्ययावत करून घ्यावी; प्रोसेसर न बसवता बायॉस बदलण्याची सोय असलेला फलक मिळाल्यास उत्तम. लहान गावातील खरेदीदाराने दुरुस्तीचे केंद्र कोणत्या शहरात आहे, हेही आधी विचारून ठेवावे.

ज्याला चार-पाच वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलून काम भागवावयाचे आहे, त्याने आज थोडे अधिक पैसे घालून एएम५ चा साधा फलक घ्यावा. ज्याला आजच्याच रकमेत जास्तीत जास्त खेळ हवा आहे, त्याने रायझन ५ ५६०० आणि बी ५५० चा हीटसिंक असलेला साधा फलक, किंवा कोअर आय५ १२४००एफ आणि बी ६६० अथवा बी ७६० चा फलक पाहावा. एवढ्या गरजा भागल्या, की मदरबोर्डावर त्यापुढे खर्च करण्याचे कारण उरत नाही. उरलेली रक्कम ग्राफिक्स कार्डावर घालावी. खेळताना तिचा उपयोग तेथेच दिसून येईल.