समुद्राच्या तळाशी मंगळुरी कौलं

गोव्याच्या किनाऱ्याजवळ सेंट जॉर्ज रीफ नावाचा खडकाळ भाग आहे. तिथं समुद्राच्या तळाशी कौलं पडली आहेत. साधी मंगळुरी कौलं, चाळीसगाव-शिरपूरकडच्या जुन्या घरांवर असतात तसलीच. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पुरातत्त्वज्ञ पाठीला सिलिंडर बांधून खाली उतरले, तेव्हा त्यांना कौलं, विटा, भाजक्या मातीचे नळ आणि खांबांची नक्षीदार शीर्षं सापडली. कौलांवर ठसा होता बासेल मिशनच्या कारखान्याचा, आणि साल १८६५.

म्हणजे ही कौलं नेणारं जहाज १८६५ साली बुडालं? छे. ते साल कारखाना सुरू झाल्याचं. त्याआधी जहाज बुडालेलं नाही, एवढंच त्यावरून ठरतं.

खाली या कौलांचा लाल रंग मात्र सहज दिसत नाही. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सगळ्यांत आधी गिळतं, त्यामुळे काही मीटरवरच लाल वस्तू करडी-हिरवट वाटू लागते. बॅटरीचा झोत टाकला की तेच कौल झळकन लाल! १० मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट लागते आणि सिलिंडर तितकाच लवकर रिकामा होतो.

आपल्या उबदार, खाऱ्या समुद्रात लाकडाचं काही खरं नसतं. शिंपल्यांच्याच कुळातला, अळीसारखा दिसणारा एक जीव ते आतून पोखरून टाकतो. उलट स्टॉकहोमपाशी १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेलं 'वासा' १९६१ मध्ये वर काढलं, तेव्हा ते कोरीव कामासकट जवळजवळ अख्खं होतं. बाल्टिकचं पाणी थंड आणि मुख्य म्हणजे कमी खारट, त्यामुळे हा जीव तिथं तग धरत नाही. जहाजाला मानवतं ते माणसाला मानवेलच असं नाही, म्हणा. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगानं ओढून घेतं. तिकडचे पाणबुडे म्हणूनच पाणी आत न शिरणारा पोशाख चढवतात.

आपल्याकडे उरते ती भाजलेली माती. गिरणेकाठी बहाळला म. न. देशपांडे यांनी १९५०च्या दशकात उत्खनन केलं, तिथंही हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीची ओळख पटली ती मुख्यतः खापरांवरून. जमिनीवर खणणाऱ्याला बसून थर न्याहाळता येतो, चहाही घेता येतो. पाण्यात पायाच्या पंखाचा एक चुकार फटका बसला की गाळ उठतो आणि मोजपट्टीवरचे आकडेही दिसेनासे होतात. सिलिंडरमधली हवा तेवढी संपत राहते.