स्वस्त सीएनसी यंत्र : जमेच्या बाजू आणि मर्यादा

संगणकाकडून आलेल्या आकड्यांनुसार हत्यार फिरवून लाकूड, प्लास्टिक किंवा धातू कोरणारे यंत्र म्हणजे सीएनसी. कारखान्यातल्या अशा यंत्राची किंमत लाखांत जाते. टेबलावर मावणारी छोटी यंत्रे मात्र आता साधारण वीस-तीस हजार रुपयांत घरपोच मिळतात. नामफलक, लाकडी नक्षी, शोभेच्या वस्तू असा घरगुती जोडधंदा करू पाहणाऱ्यांना आणि आयटीआय, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना त्यांचे आकर्षण वाटते. अशा यंत्राकडून कोणत्या कामाची अपेक्षा ठेवायची, हे खरेदीपूर्वीच ठरवायला हवे.

मागापासून मशीनपर्यंत

यंत्राला सांकेतिक खुणांनी काम सांगण्याची पद्धत सोलापूरला नवी नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्ड मागावर उठते. फ्रान्सच्या जोसेफ मारी जकार यांनी १८०४च्या सुमारास सिद्ध केलेल्या या तंत्रात पुठ्ठ्याच्या कार्डावरची छिद्रे ताण्याचा कोणता धागा उचलायचा ते ठरवतात. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेने १९५२मध्ये दाखवलेले संख्यानियंत्रित मिलिंग यंत्रही छिद्रांच्या पट्टीवरच चालत होते. पुढे पट्टीची जागा संगणकाने घेतली. आज सोलापुरातच ‘प्रिसिजन कॅमशाफ्ट्स’सारखी कंपनी वाहनांच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट बनवते. त्या दर्जाचे यंत्रकाम आणि टेबलावरचे छोटे यंत्र यांत मोठे अंतर आहे.

यंत्राची रचना

या वर्गातले सर्वांत प्रचलित यंत्र ‘३०१८’ नावाने ओळखले जाते. कामाचे क्षेत्र ३०० बाय १८० मिलिमीटर, उंचीत जेमतेम ४५ मिलिमीटर हालचाल, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट, आटे असलेले दांडे, ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या तीन स्टेपर मोटरी आणि हत्यार फिरवणारा एक छोटा स्पिंडल, एवढाच त्याचा संसार. नियंत्रणासाठी ‘जीआरबीएल’ ही मोफत प्रणाली असते.

या प्रणालीमुळे शिकणाऱ्याचा मोठा फायदा होतो. हत्यार सरळ रेषेत नेणारा जी०१, कमानीत फिरवणारा जी०२, स्पिंडल सुरू करणारा एम०३ हे आदेश छोट्या यंत्रावर आणि कारखान्यातल्या व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या मोठ्या सीएनसी यंत्रावर) सारखेच चालतात. आराखडा काढणे, हत्याराचा मार्ग आखणे, जॉब म्हणजे कोरायचा तुकडा बांधणे, झिरो म्हणजे सुरुवातीचा बिंदू घेणे ही कामेही त्याच क्रमाने करावी लागतात. चूक झाली तर दोन-तीनशे रुपयांचे हत्यार तुटते. कारखान्यात तीच चूक फार महागात पडते. मात्र ड्रिलिंगची तयार चक्रे, हत्याराच्या त्रिज्येची भरपाई आणि आपोआप हत्यार बदलणे जीआरबीएलमध्ये नसते. ते मोठ्या यंत्रावरच शिकावे लागते.

खरी उणीव दणकटपणाची

जाहिरातीत अचूकतेचे आकडे फार बारीक दिसतात. दांड्याच्या एका फेऱ्यात ४ मिलिमीटर हालचाल आणि मोटरीची ३२०० पावले धरली, तर एक पाऊल ०.००१२५ मिलिमीटरचे होते. तो आकडा कागदावरचा आहे. आट्यांमधला ढिलेपणा (प्ले), चौकटीची लवचीकता आणि स्पिंडलची थरथर धरता प्रत्यक्षात दशांश मिलिमीटरभर फरक पडू शकतो. कारखान्यातले यंत्र काही टनांचे असते, हे काही किलोंचे. त्यामुळे हत्याराला विरोध झाला की चौकटच वाकते.

लाकूड, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक आणि सर्किट बोर्ड ही कामे जमतात. अ‍ॅल्युमिनियमचे काम एका खेपेला ०.१ ते ०.२ मिलिमीटर खोलीनेच पुढे सरकते. ६ मिलिमीटर जाडीची पट्टी कापायला तीस ते साठ खेपा लागतात. लोखंड-पोलादाचे जॉबवर्क घेण्याच्या विचाराने कोणी हे यंत्र घेऊ नये.

नामफलकाचे उदाहरण

बारा बाय सहा इंचांचा नामफलक ३०५ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे ‘३०१८’च्या क्षेत्रापेक्षा ५ मिलिमीटरने मोठा. दोन्ही बाजूंना समास सोडून अक्षरे मधे बसतात, पण काठापर्यंत नक्षी नेता येत नाही. देवनागरीत आणखी एक अडचण येते. साठ अंशांच्या टोकदार हत्याराने कोरताना रेघेची जाडी खोलीच्या सुमारे १.१५ पट असते. फलक एका टोकाला अर्धा मिलिमीटर वर असेल, तर शिरोरेषेची जाडी तिथे अर्ध्या मिलिमीटरहून अधिकने वाढते आणि दोष लगेच दिसतो. म्हणून आधी बेडवरची लाकडी फळी त्याच यंत्राने सपाट करून घ्यावी. अ‍ॅक्रिलिकमध्ये हत्यार फार हळू सरकले, तर कीस निघण्याऐवजी प्लास्टिक वितळून हत्याराला चिकटते.

किमतीत न दिसणारा खर्च

हत्यारे, शिकंजे, धूळ ओढणारे साधन आणि वाया जाणारा माल हा खर्च वेगळा धरावा लागतो. एमडीएफची बारीक धूळ फुप्फुसांना घातक, त्यामुळे मास्क आणि चष्मा अनिवार्य. सोबत लेझर जोडला, तर त्याच्या तरंगलांबीसाठीचा खास चष्माच वापरावा आणि पीव्हीसी कधीही जाळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. मोटरीची पावले चुकली, तर ते या यंत्राला समजत नाही. वीज गेली की जागाही हरवते आणि अर्धवट जॉब बहुधा फुकट जातो. लिमिट स्विच असलेले यंत्र आणि त्याला पुरेसा यूपीएस घेतल्यास हे नुकसान बरेच टळते.

कोणी घ्यावे?

शिकण्यासाठी, नमुने बनवण्यासाठी आणि लाकूड-अ‍ॅक्रिलिकच्या छोट्या कामांसाठी हा खर्च सार्थकी लागतो. रोज ठरावीक संख्येने माल द्यायचा असेल, तर चौकट जड आणि स्पिंडल दमदार असलेले मोठे यंत्र पाहावे. धातूचे मोजकेच भाग हवे असतील, तर ते एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधून करून घेणे स्वस्तात पडते. यंत्र घेण्यापूर्वी आपल्या कामाचा माल, त्याचे माप आणि महिन्याची मागणी कागदावर मांडावी. मग यंत्रावर पैसे घालायचे की काम बाहेरून करून घ्यायचे, याचा हिशेब जुळतो.